माळ्यावरचं सायन्स किट आणि दह्याच्या चार वाट्या

पत्र:

नमस्कार बाई. मुलगी पाचवीत, मुलगा दुसरीत. दिवाळीच्या सुट्टीत मोबाईल जरा सुटावा म्हणून अठराशे रुपयांचं सायन्स किट आणलं. दोघांनी एका रविवारी सगळं उघडलं, सोडा-व्हिनेगरचा ज्वालामुखी केला, फेस आला, नाचले, आणि अर्ध्या तासात 'आता पुढं काय' म्हणून परत मोबाईल. किट माळ्यावर गेलं. मी मराठी घेऊन बी.ए. केलंय, मुलगी 'का' म्हणून विचारते तेव्हा मला सांगता येत नाही आणि मग मी उगीच तिच्यावर चिडते. सासूबाईंना अन्नाची नासाडी केलेली चालत नाही. मिस्टर शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत आहेत, शिफ्टमुळं रविवारच मिळतो. दुसरं चांगलं किट घेऊ का, का सायन्सचा क्लास लावू? घरात काय करता येत असेल तर सांगा.
एक आई, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर:

ताई, दुसरं किट घेऊ नका आणि क्लास पण आत्ता नको. तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त लागलं ते 'मला सांगता येत नाही आणि मी चिडते' हे वाक्य, कारण अशा किती आया मी बघितल्यात, पालकसभेला यायच्या आणि मागच्या बाकावर बसून म्हणायच्या बाई आम्हाला सायन्स येत नाही ओ. मी सव्वीस वर्षं हायस्कूलला विज्ञान शिकवलं. दरवर्षी प्रदर्शनात पाच-सहा ज्वालामुखी ओळीनं मांडलेले असायचे, एकदा सातवीतल्या एका मुलाला मी विचारलं की बाळा हा फेस कशाचा, तर तो म्हणाला 'बाईंनी सांगितलंय सोडा टाकला की येतो'. मला त्या दिवशी खरंच वाईट वाटलं, कारण मी त्याला कृती दिली होती आणि प्रश्न द्यायचा राहून गेला होता. तुमच्या किटचं पण तेच झालंय. पुस्तिकेत काय होणार ते आधीच छापलेलं असतं, मग ते झालं की संपलं, पोरांनी तरी पुढं काय करायचं.

म्हणून एक साधी पद्धत सांगते. काहीही करायच्या आधी घरातल्या प्रत्येकानं, सासूबाईंसकट, 'काय होईल' ते सांगायचं आणि मुलीनं ते वहीत नावानिशी लिहायचं. करताना एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आणि उत्तर कुणालाच माहीत नसलं तर 'मला माहीत नाही, बघूया' असं सरळ म्हणायचं. हे म्हणायला बी.एस्सी. लागत नाही. उलट ज्या आईला उत्तर माहीत असतं ती सांगून टाकते आणि पोरांचं बघायचं राहून जातं, हे मी माझ्याच घरी केलेलं आहे.

सुरुवात दह्यापासून करा. दही म्हटल्यावर पोरं नाक मुरडतील, मुरडू देत. रविवारी सकाळी दूध नेहमीसारखं उकळून कोमट करा, करंगळी बुडवली तर ऊब लागेल पण चटका बसणार नाही इतपत. चार एकसारख्या वाट्या, प्रत्येकीत चार छोटे चमचे दूध, सगळं मिळून अर्धा कप पण होत नाही, सासूबाईंना आधीच दाखवून ठेवा. एक नंबरच्या वाटीत पाव चमचा विरजण घालून ओट्यावर झाकून ठेवायची. दोन नंबरमध्ये तेवढंच विरजण आणि वाटी लगेच फ्रीजमध्ये. तीन नंबरसाठी तेवढंच विरजण चमचाभर पाण्यात कालवून पळीत चांगली उकळी आणायची (हे तुम्ही करायचं), गार झालं की वाटीत ओतायचं आणि वाटी एक नंबरच्या शेजारी ठेवायची. चार नंबरमध्ये विरजणच नाही, नुसतं दूध, ती पण तिथंच. वाट्यांवर नंबरच्या चिठ्ठ्या धाकट्याला चिकटवू देत, त्याला पण काम पाहिजे. मग वहीत अंदाज लिहायचे आणि संध्याकाळपर्यंत कुणी वाटी हलवायची नाही. हे सगळ्यात अवघड, दुसरीतलं पोर दर दहा मिनिटाला झाकण काढणार.

सहा-सात तासांनी, थंडी असेल तर अजून थोडा वेळ लागेल, एक नंबर लागलेलं दिसेल. दोन, तीन, चार अजून दूधच. इथं थांबायचं आणि मुलीला विचारायचं की फ्रीजमधलं पण लागलं नाही आणि उकळलेल्या विरजणाचं पण लागलं नाही, मग दोन्हीचं कारण एकच का? दोन्हीतले दही लावणारे जंतू मेले का? कसं कळणार? तिला विचार करू दे, घाई करू नका, जेवण होऊ दे पाहिजे तर. कधीतरी ती म्हणेल की फ्रीजमधली वाटी बाहेर काढून बघूया. म्हणाली नाही तर धाकटा म्हणेल. बाहेर काढून ऊबेला ठेवली की रात्री झोपायच्या आत, नाहीतर सोमवारी सकाळी दोन नंबरचं दही लागलेलं असतं आणि तीन नंबर तसंच. म्हणजे थंडीत ते जंतू नुसते गप्प बसले होते आणि उकळीत मेले होते. पाचवीतल्या पोरीनं हे स्वतः काढलं ना, की फ्रीजमधलं अन्न पण शेवटी खराब का होतं ते तिला वेगळं सांगावं लागत नाही.

आणि समजा तीन नंबर पण लागलं तर? लागतं कधीकधी, तेव्हा 'चुकलं' म्हणून टाकून देऊ नका. चमचा कुठला वापरला ते विचारा. एक नंबर ढवळलेला चमचा तसाच तीन नंबरमध्ये घातला असेल तर जिवंत जंतू तिथून गेले. परत करायचं, प्रत्येक वाटीला वेगळा चमचा. तीन किंवा चार नंबरला पाणी सुटलं आणि घाण वास आला तर ते दही नव्हे, हवेतले नाहीतर भांड्यातले दुसरेच कुठले जंतू घुसलेत, हे पण वहीत लिहायचं. तीन आणि चारचं दूध कुणी प्यायचं नाही, तोवर ते फार वेळ बाहेर राहिलेलं असतं, कुंडीत ओता. तेवढी आठ चमचे नासाडी सासूबाईंनी माफ करावी अशी माझी विनंती त्यांना सांगा. खरं म्हणजे या प्रयोगात घरातल्या तज्ज्ञ त्याच आहेत. थंडीत विरजणाचं भांडं टॉवेलात का गुंडाळायचं, तांदळाच्या डब्यात का ठेवायचं, हे पोरांनी त्यांना विचारू दे. विरजण नसलं तर देठासकट हिरवी मिरची दुधात टाकून दही लावतात असं त्यांनी कधी ना कधी ऐकलं असेलच, मग पुढच्या रविवारी एका वाटीत देठ, एका वाटीत देठ काढलेली मिरची, एका वाटीत काहीच नाही. काय होतं ते मी इथं सांगत नाही, सांगितलं तर तुम्ही करणार नाही.

दुसरं, आपल्या चटणीचं. बाहेरच्या वाचकांसाठी, कोल्हापुरात लाल तिखटाला चटणी म्हणतात, कांदा-लसणाची असली तर फारच बरं. दोन काचेचे ग्लास, एकात पाणी, एकात गोडं तेल, दोन्हीत अर्धा-अर्धा चमचा चटणी घालून ढवळायचं आणि पंधरा मिनिटं ठेवायचं. आधी विचारायचं, जास्त लाल कुठलं होईल? चटणी तळाला बसली की वरचं तेल मस्त लालभडक झालेलं असतं आणि पाणी नुसतं गढूळ पिवळट. मिरचीचा लाल रंग तेलात विरघळतो, पाण्यात जवळजवळ नाही. मिसळीच्या कटावर लाल तवंग का येतो ते इथं दिसलं. मिरचीचा जो तिखटपणा आहे त्याचं पण तसंच, तो पाण्याला दाद देत नाही, म्हणून मिसळ झोंबली की घटाघटा पाणी पिऊन काही होत नाही आणि दूध किंवा दही घेतलं की बरं वाटतं, कारण त्यातली चरबी आणि प्रथिनं तो तिखटपणा धरून घेतात. मग दोन्ही ग्लास एका बाटलीत ओता, झाकण लावून हलवा, थोड्या वेळानं तेल परत वर. आता भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब टाकून हलवा आणि तेल वेगळं व्हायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघा. मिसळीचं तेलकट ताट नुसत्या पाण्यानं का निघत नाही ते पोरांना भांडी घासता घासता कळेल (मुलगा आणि मुलगी दोघांनाही घासायला लावा). हात मात्र आधी धुवा, चटणीचा हात डोळ्याला गेला तर रविवार गेलाच.

हळदीचं बहुतेकांना थोडंफार माहीत असतं. हळद पाण्यात कालवून कोऱ्या कागदाला लावा, वाळवा, पट्ट्या कापा. साबणाच्या पाण्यात बुडवली की पट्टी लालसर होते, त्यावर लिंबू पिळलं की परत पिवळी. हळदीच्या समारंभात शर्टाला लागलेला डाग साबणानं लाल होतो तो हाच प्रकार, आणि हळदीला चुना लावून कुंकू करायची जुनी रीत पण त्यातलीच. घरातलं काय काय पट्टीला लाल करतं आणि काय करत नाही याची यादी करायला सांगा: खायचा सोडा, ताक, मिठाचं पाणी, साखरेचं पाणी, शांपू, राखेचं पाणी. मिठानं काही होत नाही हे पण लिहायचं, पोरं 'झालं नाही' ते लिहीत नाहीत. अंगणात किंवा शेजारी गोकर्णाचा वेल असेल तर निळी फुलं गरम पाण्यात टाका आणि त्या निळ्या पाण्यात लिंबू पिळा. ते मी आधी सांगून मजा घालवत नाही.

पण चुना पोरांच्या हातात अजिबात देऊ नका ताई. तंबाखूबरोबरची ती चुन्याची पुडी किंवा डबी दाबली की फुटते आणि चुना डोळ्यात उडतो, बुबुळ भाजतं, नजर जाऊ शकते. असं कधी झालंच तर डोळा चोळायचा नाही, लगेच भरपूर स्वच्छ पाण्यानं निदान पंधरा-वीस मिनिटं धूत राहायचं आणि तसंच डॉक्टरकडं पळायचं. आणि बाथरूममधली कुठलीच दोन लिक्विडं एकत्र करू द्यायची नाहीत, ब्लीचिंगवालं आणि ॲसिडवालं मिसळलं की क्लोरीनचा विषारी वायू सुटतो. सोडा-व्हिनेगर बंद बाटलीत कधीच नको. ह्या बाबतीत 'बघूया' नाही, सरळ नाही म्हणायचं आणि का ते सांगायचं.

आता मिस्टरांचं. फौंड्रीतला माणूस घरात आणि तुम्ही सायन्सचा क्लास शोधताय! त्यांना एका रविवारी एक डबा बारीक वाळू आणायला सांगा. वाळू मुठीत धरली तर गोळा होईल इतपत ओली करायची, डब्यात दाबून भरायची, त्यात एखादी जाडजूड वस्तू, सुपारी म्हणा, छोटी वाटी म्हणा, दाबून अलगद उचलायची. झाला साचा. मेणबत्तीचे तुकडे वाटीत घालून ती वाटी गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून मेण वितळवायचं, थेट गॅसवर ठेवायचं नाही, मेण पेट घेतं. ओतायचं काम त्यांचंच. गार झाल्यावर बघा, मधोमध खड्डा पडलेला असतो. पोरं म्हणतील कुणी बोट लावलं. कुणी नाही, मेण घट्ट होताना आकसतं, आधी कडेनं घट्ट होतं आणि मग मधलं खाली बसतं. फौंड्रीत लोखंड ओततात तेव्हा हेच होतं म्हणून जादा धातूचा रायझर ठेवतात, आतलं आकसलं की त्यातून भरून निघावं म्हणून. हे बाबांनी सांगू दे. वाळू फार ओली राहिली तर लोखंड ओतताना काय होतं ते पण त्यांनाच विचारायला लावा. बाबा रोज सकाळी डबा घेऊन जातात ते नेमकं काय करायला, हे आपल्याकडच्या बऱ्याच पोरांना माहीत नसतं.

आता एक जरा लांबचं सांगते, पण मला स्वतःला हे सगळ्यात आवडतं. टेरेसवर एक जागा ठरवा, फरशीवर खडूनं पावलं काढा. आठवड्यातून एकदा तिथं उभं राहून सूर्य कुठल्या बिल्डिंगच्या, कुठल्या झाडाच्या मागं मावळतो ते वहीत चित्र काढून लिहा. सूर्याकडं टक लावून बघायचं नाही, मावळल्यावर उजेड कुठं उरलाय ते बघितलं तरी पुरे. डिसेंबरपर्यंत ती जागा डावीकडं, म्हणजे दक्षिणेकडं सरकत जाईल, २१ डिसेंबरच्या आसपास थांबेल आणि परत उजवीकडं यायला लागेल. एकदा हे बघितलं की अंबाबाईच्या देवळातला किरणोत्सव पोरांना वेगळाच दिसेल. नोव्हेंबरात ९, १०, ११ ला आणि परत ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारीला मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात, पहिल्या दिवशी चरणांवर, मग छातीपर्यंत, मग मुखावर. वर्षातून दोनदाच का आणि ह्याच तारखांना का? भिंतीवरचं कॅलेंडर काढा आणि मुलीला दिवस मोजायला लावा. १० नोव्हेंबर ते २१ डिसेंबर ४१ दिवस. २१ डिसेंबर ते १ फेब्रुवारी ४२ दिवस. सूर्य दक्षिणेला जाताना एकदा त्या रेषेवर येतो आणि परत येताना एकदा, बस. ज्यांनी हे देऊळ बांधलं त्यांनी पण कुठंतरी उभं राहून वर्षानुवर्षं मावळती बघितली असणार असं मला दर वेळी वाटतं आणि अंगावर काटा येतो. सूर्य खाली जाईल तशी किरणं चरणांकडून वर चढतात, हे तर तुमच्या पश्चिमेच्या खिडकीत पण दिसेल. समोरच्या भिंतीवर पडलेल्या उन्हाच्या तुकड्याला दर पाच मिनिटांनी पेन्सिलीची खूण करा, तो वर वर चढत जातो.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात दुपारी साडेबाराच्या सुमारास टेरेसवर स्टीलचा उभा ग्लास ठेवा, कोल्हापुरात त्या एक-दोन दिवसात सावली ग्लासाच्या बुडाखाली गायब होते, कारण सूर्य बरोबर डोक्यावर असतो. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात परत होतं पण तेव्हा ढग असतात. दिल्लीच्या पोरांना हे वर्षात कधीच दिसत नाही, सूर्य तेवढा उत्तरेला जातच नाही.

पावसाळ्यात पर्जन्यमापक करा. सरळ अंगाची प्लास्टिकची बाटली, वरचा निमुळता भाग कापून उलटा खोचायचा, तळाचा खड्डेवाला भाग खडे आणि पाणी घालून सपाट करायचा, तिथून शून्य धरून बाहेरून मिलिमीटरची पट्टी चिकटवायची. रोज सकाळी साडेआठला मोजायचं (हवामान खात्याचा पावसाचा दिवस तिथंच बदलतो) आणि शेजारच्या रकान्यात पेपरातली पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी लिहायची. ३९ फूट इशारा आणि ४३ फूट धोका हे तर आपल्या पोरांना पाढ्यासारखं पाठ आहे, २०१९ आणि २०२१ चा पूर बघितलेलं गाव आहे. काही दिवस असे येतील की तुमच्या बाटलीत पाऊस जवळजवळ नाही आणि पंचगंगा मात्र चढतीय. का? तेव्हा नकाशा काढायचा आणि पंचगंगेला पाणी आणणाऱ्या भोगावती, कुंभी, कासारी, तुळशी ह्या नद्या कुठून येतात ते बघायचं, राधानगरी, गगनबावड्याकडं काय चाललंय ते बघायचं. पूर शहरातल्या पावसानं येत नाही हे पोरांना एका पावसाळ्यात कळतं, आपल्याला किती वर्षं लागली.

हे सगळं एकदम करू नका. महिन्याला दोन रविवार पुरे झाले, बाकीचे दिवस पोरं नुसती वही उघडून काहीतरी लिहीत असली तरी छान. मोबाईल काढून घ्यायची पण गरज नाही. पुण्याच्या आयुका ह्या खगोलशास्त्राच्या संस्थेत अरविंद गुप्तांनी बरीच वर्षं टाकाऊ वस्तूंतून खेळणी करायचं काम केलं, २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली, त्यांची खेळणी मराठीतून फुकट बघायला मिळतात. ती लावा, एक खेळणं बघून मोबाईल बाजूला आणि ते करायला बसायचं. आयुका ज्यांनी उभी केली ते जयंत नारळीकर आपल्याच कोल्हापुरात जन्मले, १९ जुलै १९३८ ला, हे पण सांगा पोरांना.

माळ्यावरचं किट खाली काढा. त्यातलं भिंग, लोहचुंबक, छोटा दिवा आणि तारा एका डब्यात घालून पोरांच्या हाताला येईल अशा ठिकाणी ठेवा, पुस्तिका सध्या वरच राहू दे. भिंगातून दह्याच्या वाट्या पण बघायच्या आहेत.

शनिवारी रात्री विरजण शिल्लक आहे का तेवढं बघून ठेवा, आणि तीन नंबरच्या वाटीत काय झालं ते मला नक्की कळवा, मुलीनं वहीत लिहिलंय त्याच शब्दात.